रेन गार्डनमध्ये कंपोस्ट किती घालावं? आधी पाणी पुढे कुठे जातं ते पाहा

प्रश्न असा आहे: इमारतींच्या मधल्या सखल जागेत पावसाचं पाणी मुरवणारी बाग, म्हणजे रेन गार्डन, करायची आहे. बाग १०० चौरस मीटरची, मातीचा थर ६० सेंटिमीटरचा. तळाशी छिद्रांची निचरा-नळी आहे आणि ती जवळच्या तळ्यात सुटते. आराखडा करणाऱ्यांनी ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट असं मिश्रण सुचवलं आहे. एवढं कंपोस्ट योग्य आहे का? कमी केलं तर झाडं जगतील का? आणि शेजारच्या उताराची माती पावसात वाहते, तिथेही हेच कंपोस्ट चालेल का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तळ्यात सुटणाऱ्या बागेत ४० टक्के कंपोस्ट घालू नका. १० टक्क्यांच्या आत राहा, तेही पानं आणि फांद्यांपासून केलेलं, पूर्ण मुरलेलं कंपोस्ट घ्या. झाडं जगतील, फक्त पहिल्या वर्षी हळू वाढतील. उतारासाठी कंपोस्ट जरूर वापरा, तिथे त्याच्या तोडीचं साधन मला अजून सापडलेलं नाही. पण उतारावरचं कंपोस्ट आणि बागेतलं कंपोस्ट एकच नसावं.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण उलटा अनुभव घेऊन बसलो आहे. माझ्या सुरुवातीच्या कामांतल्या एका बागेत हेच ६०:४० मिश्रण होतं. पहिल्या मोठ्या पावसात नळीतून गडद तपकिरी पाणी आलं, तेव्हा मी म्हणालो, धुऊन जाईल. झाडं इतकी जोमाने वाढली की बघायला लोक यायचे. पुढच्या वर्षी बागेच्या खालच्या लहानशा तळ्यावर हिरवी साय धरली. मग आम्ही बागेत येणारं पाणी आणि नळीतून बाहेर पडणारं पाणी शेजारी शेजारी तपासलं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात विरघळलेला फॉस्फरस येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त होता. पाणी स्वच्छ करायला म्हणून बांधलेली बागच तळ्याला खत घालत होती. रचनेत चूक नव्हती, खोदाईत चूक नव्हती. कंपोस्टचं प्रमाण ठरवताना मी तळ्याचा विचारच केला नव्हता.

तुमच्या बागेचा हिशेब मांडून पाहा. एक घनमीटर कंपोस्ट ओलं असताना साधारण ६०० किलो भरतं. त्यात ४५ टक्के पाणी धरलं तर कोरडं वजन ३३० किलो. पानं-फांद्यांच्या कंपोस्टमध्ये फॉस्फरस, म्हणजे शेतीच्या भाषेत स्फुरद, कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांच्या आसपास धरू या. म्हणजे घनमीटरमागे साधारण १ किलो. तुमच्या बागेत एकूण ६० घनमीटर मिश्रण बसेल. त्याचे ४० टक्के म्हणजे २४ घनमीटर कंपोस्ट, आणि त्यासोबत सुमारे २४ किलो स्फुरद. आता दुसरी बाजू बघा. छपरं आणि रस्ते धुऊन येणाऱ्या शहरी पाण्यात लिटरमागे साधारण ०.३ मिलिग्रॅम स्फुरद असतो. २४ किलो स्फुरद बाहेरून वाहून यायला ८ कोटी लिटर पाणी बागेत यावं लागेल. तेवढा साठा आपण पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातांनी तिथे नेऊन ठेवतो.

तो सगळाच सुटत नाही. बराचसा सेंद्रिय रूपात किंवा कॅल्शियमशी बांधलेला असतो आणि सावकाश मोकळा होतो. पण त्यातला दहावा भाग, म्हणजे २.४ किलो, काही वर्षांत नळीतून गेला असं धरा. गोड्या पाण्याचं तळं हिरवं व्हायला लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपासचा स्फुरद पुरेसा ठरू शकतो. २.४ किलो स्फुरद ८ कोटी लिटर पाण्याला त्या पातळीवर नेतो. चार हेक्टर पसरलेलं, सरासरी दोन मीटर खोल तळं एवढंच पाणी धरतं.

स्फुरदाचं एवढं काय, असं वाटत असेल तर कॅनडातल्या ओंटारियोमधला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लेक २२६’ नावाच्या सरोवराचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) घातलं, स्फुरद मात्र एकाच भागात. तोच भाग शेवाळाने हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचं पाणी जवळजवळ पूर्वीसारखं राहिलं. वरून काढलेल्या छायाचित्रात ती हिरवी-निळी सीमारेषा इतकी स्पष्ट दिसते की नवीन अभियंत्यांना मी आधी तेच चित्र दाखवतो. मग मिश्रणाबद्दल बोलतो.

मग कंपोस्ट घालायचंच कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि इथे दुसऱ्या टोकाला जाऊ नका. निव्वळ वाळूची बाग म्हणजे नुसती गाळणी. तिच्यात झाडं तग धरत नाहीत, झाडं नसली की मुळांनी होणाऱ्या वाटा नाहीत, आणि वाहून आलेल्या गाळाने वरचा थर लवकर लिंपला जातो. कंपोस्टमुळे मातीचे कण एकमेकांना धरून भुसभुशीत दाणे होतात, गांडुळं आणि सूक्ष्मजीव नांदतात, आणि पाण्याला शिरायला जागा राहते. त्यातल्या ह्युमिक पदार्थांवर, म्हणजे कुजून उरलेल्या गडद सेंद्रिय पदार्थांवर, शिसं आणि जस्त चांगले चिकटतात. रस्त्यावरच्या तेलाचे थेंब मातीत अडकले की सूक्ष्मजीव ते हळूहळू फोडतात.

या ताकदीचा मला सर्वांत भावलेला पुरावा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा आहे. तिथल्या शहरी ओढ्यांत अंडी घालायला परतणारे कोहो जातीचे साल्मन मासे पाऊस पडला की काही तासांत मरत होते. संशोधकांनी महामार्गावरून वाहणारं पाणी गोळा केलं आणि मासे त्यात ठेवले. ते मेले. तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलं तेव्हा मासे वाचले. नेमकं विष कोणतं, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. ते २०२० साली कळलं: टायरच्या रबरात मिसळलेल्या एका रसायनाची हवेतल्या ओझोनशी प्रक्रिया होऊन तयार होणारा ६पीपीडी-क्विनोन. नावही माहीत नसलेलं विष मातीच्या त्या थराने अडवलं होतं. म्हणून कंपोस्टला नावं ठेवणाऱ्यांच्या बाजूने मी कधी उभा राहणार नाही. माझं म्हणणं प्रमाणापुरतं आणि जागेपुरतं आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा, कारण त्याच्या आधारावर प्रमाण फुगवलं जातं. ‘मातीत १ टक्का सेंद्रिय पदार्थ वाढला की एकरी ७५ हजार लिटर जास्त पाणी धरलं जातं’ हे वाक्य ठिकठिकाणी छापलेलं आढळतं. एवढं पाणी म्हणजे एकरभर जमिनीवर जवळजवळ १९ मिलिमीटरचा थर. मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी २०१८ साली जगभरातल्या मातीच्या नोंदी एकत्र तपासल्या. सेंद्रिय कर्ब १ टक्क्याने वाढल्यावर मातीच्या १०० मिलिमीटर जाडीमागे झाडांना मिळणारं पाणी सरासरी १.१६ मिलिमीटर वाढतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या थरात पावणेदोन मिलिमीटर. कंपोस्टचा खरा फायदा साठवणीत कमी आणि शिरकावात जास्त आहे. ते पाण्यासाठी दार उघडं ठेवतं. पुराचं पाणी थोपवायचं असेल तर बागेची खोली आणि क्षेत्रफळ वाढवा. कंपोस्ट वाढवून ते काम होणार नाही.

६०:४० चं प्रमाण आराखड्यांत आलं कसं, तेही सांगतो, म्हणजे सुचवणाऱ्यांचा राग येणार नाही. रेन गार्डनचं आजचं रूप १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस काउंटीत, लॅरी कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलं. नंतर वेगवेगळ्या प्रदेशांनी आपापली मिश्रणं ठरवली, आणि वॉशिंग्टन राज्यात ६० टक्के वाळू, ४० टक्के कंपोस्ट हे प्रमाणित मिश्रण झालं. सोपं होतं, सगळीकडे मिळत होतं, झाडं उत्तम येत होती, म्हणून ते पुस्तिकांतून दूरवर पोचलं. पुढे तिथल्याच चाचण्यांत या मिश्रणातून स्फुरद, नायट्रेट आणि तांबं बाहेर येताना दिसलं. तांब्याचं कारण मजेशीर आहे: कंपोस्टमधून सुटणारा विरघळलेला सेंद्रिय कर्ब तांब्याला धरून स्वतःबरोबर बाहेर नेतो. त्यानंतर त्याच राज्याने ७० टक्के वाळू, २० टक्के काथ्याचा भुसा आणि १० टक्के बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) असं दुसरं मिश्रण पुढे आणलं, ज्यात कंपोस्ट अजिबात नाही. ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शिका तर आधीपासूनच गाळणीच्या थरात सेंद्रिय पदार्थ कमी ठेवायला सांगत आल्या आहेत.

तुमच्या जागी मी काय करेन? वरचे ३० सेंटिमीटर झाडांसाठी: आकारमानाने ७५ ते ८० टक्के धुतलेली वाळू, १० टक्क्यांच्या आत कंपोस्ट, उरलेला काथ्याचा भुसा. काथ्याचा भुसा घेताना तो धुतलेला आहे ना ते बघा, कारण न धुतलेल्यात मीठ असतं. त्याखाली २५ ते ३० सेंटिमीटरचा स्फुरद पकडणारा थर, ज्यात कंपोस्ट मुळीच नाही. यासाठी दोन मार्ग चालतात. एक, वाळूत वजनाने ५ टक्के लोखंडाचा कीस. मिनेसोटा राज्यात अशा गाळण्या ५ ते ८ टक्के लोखंड घालून बांधल्या गेल्या आहेत. लोखंड गंजतं आणि त्या गंजावर विरघळलेला स्फुरद चिकटतो. दोन, पिण्याचं पाणी शुद्ध करताना तुरटीने जो गाळ खाली बसवतात, तो वाळवून, चाळून वाळूत मिसळायचा. त्यातलं ॲल्युमिनियम हेच काम करतं, आणि एरवी टाकून दिला जाणारा गाळ उपयोगी पडतो. मात्र गाळ बारीक असतो, जास्त झाला तर निचरा बसतो, म्हणून आधी बादलीत थर रचून पाणी ओतून वेग पाहा. ताशी १०० ते ३०० मिलिमीटर वेगाने पाणी उतरलं तर समाधान माना.

लोखंडाच्या थराबाबत एक पथ्य कडक पाळा. तो दोन पावसांच्या मध्ये कोरडा झाला पाहिजे, त्यात हवा खेळली पाहिजे. पाण्याखाली सतत बुडून राहिला तर प्राणवायू संपतो, गंज विरघळतो आणि धरलेला स्फुरद एकदम सोडून देतो. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण नायट्रेटसाठीचा उपाय नेमका उलटा आहे. कंपोस्टमधलं नत्र सूक्ष्मजीव नायट्रेटमध्ये बदलतात आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही, ते पाण्याबरोबर सरळ निघून जातं. ते अडवायला निचरा-नळीचं तोंड वर वळवून तळाशी ३० ते ४५ सेंटिमीटर पाणी कायम साठवतात आणि त्यात लाकडाच्या ढलप्या टाकतात. प्राणवायू नसलेल्या त्या थरात दुसरे जीवाणू नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडतात. दोन्ही हवं असेल तर लोखंडाचा थर पाण्याच्या कायम पातळीच्या वर राहील, एवढी खोली ठेवा. तुमच्या ६० सेंटिमीटरमध्ये दोन्ही नीट बसत नाही. तळ्याचा विचार करता मी स्फुरदाची निवड करेन आणि कंपोस्ट मुळातच कमी ठेवून नायट्रेटचा प्रश्न लहान ठेवेन. नळी नसती आणि पाणी जमिनीत खोल मुरणार असतं, तर उत्तर बदललं असतं. वाटेतली माती बराचसा स्फुरद धरून ठेवते, मग काळजी भूजलात जाणाऱ्या नायट्रेटची करावी लागते.

आता कंपोस्टची निवड. ‘कंपोस्ट’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. शेणखताचं, कोंबडीखताचं आणि सांडपाण्याच्या गाळाचं कंपोस्ट शेतीला चांगलं असेल, पण त्यात स्फुरद तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही जास्त असतो. ते पाणी गाळणाऱ्या बागेत नको. पानं, गवत, छाटलेल्या फांद्या यांचं मागा. ढीग किती तापला होता हे विचारा: उघड्या लांबट ढिगात ५५ अंश सेल्सियस किंवा जास्त तापमान किमान १५ दिवस राहावं आणि त्या काळात ढीग किमान ५ वेळा पालटला जावा, असा प्रचलित नियम आहे. त्याने रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. पण तापून झालं म्हणजे मुरलं असं नाही. मुरायला त्यानंतर काही महिने जातात, आणि घाई नेमकी तिथेच केली जाते.

कागदावरचे आकडे मागाच: कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, सामू ६ ते ८, विद्युत वाहकता (म्हणजे क्षारांचं प्रमाण) मीटरला ४ डेसिसीमेन्सपर्यंत, आणि पाण्यात विरघळणारा स्फुरद. शेवटचा आकडा बहुतेक विक्रेते देत नाहीत, तरी मागत राहा. पण स्वतःच्या हाताने करायच्या चाचण्यांवर माझा जास्त विश्वास आहे. मूठभर घट्ट दाबा: दोन-चार थेंब निघाले आणि गोळा सहज फुटला तर ओलावा ठीक. वास जंगलातल्या मातीसारखा हवा, अमोनियाने नाक झोंबलं तर गाडी परत पाठवा. ओलं कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा कुजका वास आला तर ते अजून कच्चं आहे. थर्मासच्या बाटलीत भरून तापमान पाहता येतं: काही दिवसांत आजूबाजूपेक्षा १० अंशांहून जास्त चढलं तर ढीग अजून जिवंत तापतो आहे, त्याला मुरू द्या.

आणि एक चाचणी कधीही टाळू नका. कुंडीत थोडं कंपोस्ट मातीत मिसळून त्यात घेवडा किंवा वाटाणा पेरा, शेजारच्या कुंडीत नुसती माती ठेवा. तीन आठवड्यांत कंपोस्टच्या कुंडीतली पानं पेल्यासारखी वळली, शेंडे मुरडले, तर त्यात तणनाशक उरलं आहे. क्लोपायरॅलिड आणि त्याच्या गोतावळ्यातली तणनाशकं ढिगाच्या उष्णतेतही टिकून राहतात. २००० सालाच्या सुमारास अमेरिकेत स्पोकेन शहराच्या कंपोस्टमध्ये हे लक्षात आलं, आणि तेव्हापासून घेवड्याची ही चाचणी कंपोस्ट करणाऱ्यांत रुळली. बागेत साठ घनमीटर मिश्रण भरून झाल्यावर हे कळलं तर करण्यासारखं काही उरत नाही.

मिश्रण ठरलं की तेही तपासा. तळाला भोकं पाडलेल्या बादलीत प्रत्यक्ष भरणार तसं मिश्रण भरा, साधं पाणी ओता, खालून आलेलं पाणी काचेच्या बरणीत धरा. मत्स्यालयासाठी मिळणारा फॉस्फेटचा संच त्या पाण्यावर वापरा. दहा वेळा ओता, दहा वेळा मोजा. आठवडाभर सुकू द्या आणि पुन्हा ओता. सुकल्यानंतरचा हा शेवटचा घोट सर्वांत बोलका असतो: माती सुकून परत भिजली की मेलेल्या सूक्ष्मजीवांतलं अन्न एकदम मोकळं होतं आणि पोषकद्रव्यांची लाट येते. खऱ्या बागेत दीर्घ उघडिपीनंतरच्या पहिल्या पावसात हेच घडतं.

झाडांचं काय? वाळूच्या बागेला १० टक्के कंपोस्ट पुरतं, कारण प्रत्येक पावसाबरोबर रस्त्यावरची धूळ, पानं आणि पोषकद्रव्यं तिथे येतच राहतात. मुळं खोल जाणारी, ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी स्थानिक झाडं निवडा. पहिल्या हंगामात हाताने पाणी घाला. वाढ मंद दिसली तरी खत टाकू नका. हे मी बागेची देखभाल करणाऱ्यांना लिहून देतो, कारण पिवळं पान दिसलं की चांगल्या मनाने कुणीतरी मूठभर खत टाकतंच.

उताराबद्दल. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळतो तेव्हा कण सुटे होतात आणि वाहत्या पाण्याबरोबर निघतात. कंपोस्टचा २.५ ते ५ सेंटिमीटरचा थर अंथरला की थेंब कंपोस्टवर फुटतो आणि पाणी खाली मुरायला लागतं. त्यातच गवताचं बी मिसळलं तर काही आठवड्यांत मुळं तो थर जमिनीला शिवून टाकतात. इथे कंपोस्ट भरड हवं. काही तुकडे बोटाएवढे लांब असले तर उत्तम, कारण बारीक चाळलेलं कंपोस्ट स्वतःच वाहून जातं. थर उताराच्या माथ्यावरून सपाटीवर मीटरभर मागे न्या. तसं केलं नाही तर वरून येणारं पाणी थराच्या खाली घुसतं आणि संपूर्ण पांघरूण घसरतं. मी हे घसरलेलं पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी माथ्यावरच हात आखडता घेतलेला होता. दोन मीटर आडव्याला एक मीटर उभ्या एवढ्या चढापर्यंत हा उपाय भरवशाचा. जिथे पाणी घळीसारखं एकवटून वाहतं, तिथे मात्र नको.

उताराच्या पायथ्याशी कंपोस्टने भरलेली जाळीची लांबलचक नळकांडी समपातळी रेषेत ठेवा. व्यास २० ते ३० सेंटिमीटर पुरे. मातीकामाच्या जागी जे उभं कापड लावतात ते पाणी तुंबवतं आणि बऱ्याचदा खालून फाटतं. नळकांडं जमिनीला स्वतःच्या वजनाने चिकटून बसतं, पाणी आतून जाऊ देतं आणि गाळ मागे ठेवतं. काम संपल्यावर जाळी कापून काढा, आतलं कंपोस्ट तिथेच पसरा. जाळी प्लास्टिकची असेल तर ती तुकडेही न सोडता उचला. इथल्या कंपोस्टमधूनही स्फुरद सुटतो, पण वाहून जाणारी माती स्वतःबरोबर त्याहून जास्त नेते, आणि थर पातळ असल्याने एकूण साठा लहान राहतो. तुमच्या उताराचं पाणी तळ्याकडे जातं म्हणून इथेही पानं-फांद्यांचंच घ्या.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट, पण बागेइतकीच मोलाची: इमारतींभोवतीची मोकळी जमीन. बांधकामाच्या यंत्रांनी दाबलेली माती वरून हिरवळ लावली तरी फरशीसारखीच वागते, तिच्यावर पडलेलं पाणी सरळ तुमच्या बागेकडे धावतं. ती कोरडी असताना खोलवर फोडा आणि ५ सेंटिमीटर कंपोस्ट वरच्या २० सेंटिमीटरमध्ये मिसळा. १०० चौरस मीटरला ५ घनमीटर लागेल आणि सेंद्रिय पदार्थ साधारण ३ टक्क्यांनी वाढेल. इथे निचरा-नळी नाही, खाली मातीचा जाड थर आहे, त्यामुळे स्फुरद तिथेच अडकतो. आराखड्यातलं २४ घनमीटर कंपोस्ट माझ्या हातात दिलं तर बागेत ३ घनमीटर घालून बाकीचं मी या जमिनीवरच वापरेन. बागेकडे येणारं पाणीच कमी होईल. मोठ्या झाडांच्या मुळांजवळ मात्र नांगरू नका, तिथे वरून पातळ थर द्या आणि गांडुळांवर सोपवा. गच्चीवरची बाग हा वेगळा विषय आहे. एवढंच सांगतो की तिथे कंपोस्ट आणखी कमी हवं, कारण ते कुजत जाऊन थर खचतो आणि सुटलेला स्फुरद थेट पावसाच्या नळात जातो.

बाग भरायची वेळ पाऊस सुरू होण्याच्या बरीच आधी साधा, म्हणजे झाडांची मुळं धरलेली असतील. मिश्रण यंत्राने दाबू नका, २० सेंटिमीटरच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर पाण्याने बसवा. पहिल्या काही पावसांचं नळीतलं पाणी तळ्यात सोडण्याऐवजी तात्पुरता पाइप जोडून गवताळ जमिनीवर सोडा. सर्वाधिक सुटणारी द्रव्यं तेव्हाच सुटतात. नायट्रेट काही महिन्यांत उतरतं, स्फुरद वर्षानुवर्षं थोडा थोडा येत राहतो. दर मोठ्या पावसानंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याची एकेक बाटली भरा, तारीख लिहा, फॉस्फेट मोजा. पाणी दोन दिवसांत उतरलं पाहिजे. उतरायला जास्त वेळ लागू लागला तर वरचे ३ ते ५ सेंटिमीटर गाळ खरवडून काढा आणि त्या जागी धुतलेली वाळू टाका. वरचं आच्छादन लाकडाच्या ढलप्यांचं ठेवा, आणि दरवर्षी ‘ताजं’ करायचं असेल तेव्हाही ढलप्याच आणा, कंपोस्ट नको.